गो प्रोजेक्टमध्ये स्वतःचंच पॅकेज इम्पोर्ट कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गो भाषेचा सिंटॅक्स पटकन जमतो, पण कोड एका फाइलीतून दोन फोल्डरमध्ये गेला की बरेच जण इम्पोर्टच्या ओळीवर अडकतात. नेटवर शोधलं तर निम्मी उत्तरं २०१८ च्या आधीची निघतात, त्यात गोपाथ (पूर्वी सगळा गो कोड ज्या एका फोल्डरखाली ठेवावा लागायचा त्याचा पाथ) सेट करा वगैरे सांगितलेलं असतं आणि ते करून गोंधळ अजून वाढतो. इथलं सगळं गो १.१८ आणि त्यानंतरच्या व्हर्जनसाठी आहे. कमांड आणि एरर देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरा.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, किराणा दुकानाचा छोटा प्रोजेक्ट:

किराणा/
— गो.मॉड
— मेन.गो
— हिशोब/हिशोब.गो
— ग्राहक/ग्राहक.गो

गो.मॉडची पहिली ओळ: मॉड्यूल एक्झाम्पल.कॉम/किराणा (मॉड्यूल म्हणजे हा अख्खा प्रोजेक्ट, पॅकेज म्हणजे त्यातला कोडचा एक फोल्डर)

हिशोब फोल्डर मेन.गोच्या शेजारीच आहे, मग इम्पोर्ट "./हिशोब" का चालत नाही?

कारण गोमध्ये इम्पोर्ट पाथ म्हणजे डिस्कवरचा रस्ता नाही, ते पॅकेजचं पूर्ण नाव आहे. जावास्क्रिप्ट किंवा पीएचपी करून आलेल्यांना इथेच ठेच लागते, कारण तिकडे "या फाइलीपासून दोन घरं वर जा मग डावीकडे" असं चालतं, आणि इकडे तसं लिहिलं की 'रिलेटिव्ह इम्पोर्ट पाथ्स आर नॉट सपोर्टेड इन मॉड्यूल मोड' असा एरर येतो आणि विषय संपतो.

नाव बनतं असं: गो.मॉडमध्ये मॉड्यूल म्हणून जे लिहिलंय ते, त्यापुढे गो.मॉड ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून पॅकेजच्या फोल्डरपर्यंतचा रस्ता. म्हणून आपल्या प्रोजेक्टमध्ये हिशोब इम्पोर्ट करायचं तर "एक्झाम्पल.कॉम/किराणा/हिशोब". मेन.गोमधून करा, ग्राहकमधून करा नाहीतर दहा फोल्डर आतून करा, ओळ तीच. खालचे बहुतेक प्रश्न या एका नियमातूनच सुटतात, त्यामुळे बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण हे नीट डोक्यात बसवा. फायदा असा की इम्पोर्ट करणारी फाइल तुम्ही कुठेही हलवली तरी तिच्या इम्पोर्टच्या ओळी बदलाव्या लागत नाहीत. आणि प्रोजेक्टमध्ये कुठेही सर्च मारला की हिशोब कोण कोण वापरतंय ते एकाच शब्दात सापडतं.

इम्पोर्टमध्ये फाइलचं नाव कुठे लिहायचं?

कुठेच नाही. इम्पोर्ट फोल्डर होतो, फाइल नाही. हिशोब फोल्डरमध्ये बिल.गो, उधारी.गो, जीएसटी.गो अशा कितीही फाइली ठेवा, सगळ्या मिळून एकच पॅकेज. त्यांनी एकमेकांना इम्पोर्ट करायचं नसतं, एका फाइलीतलं फंक्शन दुसऱ्या फाइलीत आपोआप दिसतं. अट एवढीच की फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींवर पॅकेजचं नाव सारखं हवं, टेस्टच्या फाइलींना मागे _टेस्ट लावायची सूट आहे.

मॉड्यूलचं नाव काय ठेवू? गिटहबचा पत्ता लिहायलाच पाहिजे का?

नाही. फक्त तुमच्या मशीनवर किंवा तुमच्या सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम असेल तर गो.मॉड बनवताना 'गो मॉड इनिट किराणा' एवढंसुद्धा चालतं. पण पहिल्या भागात टिंब नसलेली नावं गोने स्वतःच्या स्टँडर्ड लायब्ररीसाठी राखून ठेवलीत, म्हणजे आज किराणा चालेल पण कुणी हौसेने मॉड्यूलचं नाव 'लॉग' किंवा 'टाइम' ठेवलं तर डोकेदुखी नक्की. 'एक्झाम्पल' आणि 'टेस्ट' ही दोन नावं मात्र मुद्दाम लोकांसाठी मोकळी सोडलीत, म्हणून शिकताना एक्झाम्पल/किराणा असं ठेवलं तर ते सगळ्यात निर्धोक.

पुढे मागे दुसऱ्या कुणी 'गो गेट' (बाहेरचं पॅकेज आणायची कमांड) करून तुमचं पॅकेज वापरावं असं वाटत असेल तर मात्र जिथे कोड ठेवणार तोच पत्ता हवा, कारण गो त्या नावावरूनच कोड शोधायला जातो. थोडीशी जरी शक्यता असेल तर पहिल्या दिवशीच खरा पत्ता लिहून टाका, नंतर नाव बदलायचं काम कंटाळवाणं आहे (खाली येतंच ते).

गिटहबचा पत्ता लिहिला तर गो माझाच कोड नेटवरून ओढतो का? म्हणजे प्रत्येक वेळी पुश करू?

अजिबात नाही. इम्पोर्ट पाथची सुरुवात तुमच्याच मॉड्यूलच्या नावाने होत असेल तर गो आधी तुमच्याच फोल्डरमध्ये बघतो, ते पॅकेज तिथे असलं की नेटचा संबंधच येत नाही. गिटहबवर ती रेपो अस्तित्वात नसली तरी बिल्ड होतं. पत्ता दिसतो वेबसाइटसारखा म्हणून लोकांचा गैरसमज होतो, पण तुमच्या मॉड्यूलच्या आत तो नुसता उपसर्ग आहे.

प्रत्येक फोल्डरमध्ये 'गो मॉड इनिट' मारायचं ना?

नको, कृपा करून नको! नवशिक्यांच्या जितक्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याचशा इथूनच निघतात. कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं असतं की नवीन पॅकेज म्हणजे नवीन मॉड्यूल, मग हिशोबमध्ये एक गो.मॉड, ग्राहकमध्ये एक गो.मॉड, बाहेर एक गो.मॉड, आणि मग 'नो रिक्वायर्ड मॉड्यूल प्रोव्हाइड्स पॅकेज' असा एरर बघत बसायचं.

होतं काय, की एखाद्या आतल्या फोल्डरमध्ये गो.मॉड पडली की तो फोल्डर आणि त्याच्या आतलं सगळं बाहेरच्या मॉड्यूलमधून वजा होतं. बाहेरच्या मॉड्यूलला ते दिसतच नाही, डिस्कवर डोळ्यासमोर असलं तरी. मग गोला वाटतं ही कुठलीतरी परकी लायब्ररी आहे आणि ती 'गो गेट' करून आणा असं तो सांगतो. उपाय साधा आहे, आतल्या गो.मॉड आणि गो.सम (डिपेंडन्सींच्या चेकसमची फाइल) डिलीट करा, मुळाशी एकच ठेवा, इम्पोर्टच्या ओळी पूर्ण नावाने लिहा, 'गो मॉड टायडी' (गो.मॉडमधली डिपेंडन्सींची, म्हणजे लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररींची, यादी नीट करणारी कमांड) चालवा, झालं.

एकाच रेपोत खरोखर अनेक मॉड्यूल लागतात असे प्रसंग आहेत, म्हणजे एखादा भाग वेगळ्या व्हर्जन नंबरने रिलीज करायचा असेल, किंवा छोटी लायब्ररी देताना तिच्यासोबत तुमच्या अख्ख्या प्रोजेक्टच्या डिपेंडन्सी दुसऱ्याच्या गळ्यात पडू नयेत असं वाटत असेल. यातलं काही तुम्हाला लागू होत नसेल तर एकच मॉड्यूल. माझं मत विचाराल तर चार-पाच जणांच्या टीमचा, पाच-सहा सर्व्हिस असलेला प्रोजेक्टसुद्धा एका गो.मॉडवर आरामात चालतो.

'पॅकेज हिशोब इज नॉट इन एसटीडी' म्हणजे काय?

तुम्ही इम्पोर्ट "हिशोब" एवढंच लिहिलंय. टिंब नाही, मॉड्यूलचं नाव नाही, म्हणून गोने ते स्टँडर्ड लायब्ररीत (एसटीडी म्हणजे तीच) शोधलं. पूर्ण नाव लिहा. जुन्या व्हर्जनमध्ये हाच एरर 'नॉट इन गोरूट' असा दिसायचा.

सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये आहेत तरी 'अनडिफाइन्ड' येतंय, इम्पोर्ट पाथ तर लागतच नाही ना?

'गो रन मेन.गो' असं चालवताय. त्याचा अर्थ फक्त ही एकच फाइल घे. नावाऐवजी नुसतं टिंब द्या, 'गो रन .', म्हणजे पूर्ण फोल्डर घेतला जाईल. आणि एक, फंक्शन दुसऱ्या पॅकेजमध्ये असेल आणि पाथ बरोबर असूनही दिसत नसेल तर त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे का बघा. स्मॉल असेल तर ते पॅकेजच्या बाहेर जात नाही.

फोल्डरचं नाव एक आणि पॅकेजचं दुसरं असं चालतं का?

चालतं, पण करू नका. इम्पोर्टच्या ओळीत फोल्डरचा रस्ता येतो आणि कोडमध्ये वापरताना मात्र फाइलीच्या डोक्यावर 'पॅकेज' पुढे जे लिहिलंय ते नाव येतं. दोन्ही वेगळी असली की वाचणाऱ्याला कळत नाही हे आलं कुठून. फोल्डरच्या नावात आडवी रेघ असेल तर नाइलाज असतो, कारण पॅकेजच्या नावात ती चालत नाही. वायएएमएलची प्रसिद्ध लायब्ररी बघा, पाथच्या शेवटी 'यामल.व्ही३' आहे पण कोडमध्ये नुसतं 'यामल' लिहितात. अशा वेळी इम्पोर्टच्या आधी तेच नाव टोपणनाव म्हणून स्पष्ट लिहून ठेवलं तर पुढच्या माणसाचं भलं होतं.

दोन पॅकेजची नावं सारखी आली तरी टोपणनावच कामाला येतं. पण स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये 'युटिल' नावाची तीन पॅकेजं झाली असतील तर टोपणनाव शोधण्यापेक्षा त्यांची नावं बदला.

'इम्पोर्ट सायकल नॉट अलाउड' आलं, आता काय करू?

हा एरर पाथचा नाही, रचनेचा आहे, त्यामुळे पाथ वरखाली करून जाणार नाही. ग्राहक पॅकेजला उधारी किती बाकी आहे हे हवंय म्हणून ते हिशोबला इम्पोर्ट करतं, आणि हिशोबला बिलावर नाव छापायला ग्राहक हवाय म्हणून ते ग्राहकला इम्पोर्ट करतं. गोचा कंपायलर अशी गोल साखळी घेतच नाही, सरळ नाही म्हणतो. एररखाली कोण कुणाला इम्पोर्ट करतंय ती पूर्ण साखळी छापून येते, ती आधी नीट वाचा, कारण मोठ्या प्रोजेक्टमध्ये ही साखळी दोघांची नसून पाच-सहा पॅकेज फिरून आलेली असते आणि तोडायची जागा मध्येच कुठेतरी सापडते.

तोडायचे मार्ग बरेच आहेत. सगळ्यात आधी स्वतःला विचारा की ही दोन पॅकेजं मुळात वेगळी हवीत का. जावाची सवय असलेली मंडळी प्रत्येक क्लासला एक फोल्डर अशा हिशोबाने पॅकेजं पाडतात आणि मग सायकल होणारच, कारण खऱ्या जगात ग्राहक आणि उधारी एकमेकांत गुंतलेलेच असतात. अशी दोन पॅकेजं बिनधास्त एक करा, फाइली वेगळ्या ठेवल्या की झालं. गोचं पॅकेज मोठं असणं हा गुन्हा नाही, स्टँडर्ड लायब्ररीचं एचटीटीपी पॅकेज उघडून बघा.

वेगळी ठेवायचीच असतील तर दोघांना लागणारे स्ट्रक्ट तिसऱ्या पॅकेजमध्ये काढता येतात, त्या तिसऱ्याने या दोघांपैकी कुणालाच इम्पोर्ट करायचं नाही. हे लगेच जमतं पण त्या तिसऱ्या पॅकेजचा हळूहळू माळा होतो, सगळं सामान तिथेच. त्यापेक्षा मला इंटरफेसचा रस्ता बरा वाटतो: हिशोबला ग्राहकाचं फक्त नाव आणि फोन हवाय ना, मग हिशोबच्याच आत दोन मेथडचा छोटा इंटरफेस लिहा, ग्राहकचा टाइप तो आपोआप पूर्ण करतो, कारण गोमध्ये 'इम्प्लिमेंट्स' असं जाहीर करावं लागत नाही. मग हिशोबमधली इम्पोर्टची ओळच उडते आणि दोघांना जोडायचं काम मेन.गो करतो. आणि कधीकधी तर एवढंही नको, फंक्शनला पूर्ण ग्राहक पाठवण्याऐवजी नुसती नावाची स्ट्रिंग पाठवली की भागतं.

टेस्टमुळे सायकल येत असेल तर टेस्ट फाइलीचं पॅकेज हिशोब_टेस्ट करा. ते वेगळं पॅकेज धरलं जातं, त्यामुळे दोन्हीकडचं इम्पोर्ट करता येतं, फक्त स्मॉल अक्षराची फंक्शन्स तिथून दिसत नाहीत.

'इंटर्नल' नावाच्या फोल्डरमध्ये काय जादू आहे?

एवढं एकच नाव आहे की ज्याला गोचं टूल स्वतः अर्थ देतं (व्हेंडर, म्हणजे बाहेरच्या पॅकेजांच्या प्रतींचा फोल्डर, आणि टेस्टडेटा सोडले तर). इंटर्नलच्या आतलं पॅकेज फक्त इंटर्नलच्या पालक फोल्डरखालचा कोड इम्पोर्ट करू शकतो, बाहेरच्याने केलं तर 'यूज ऑफ इंटर्नल पॅकेज नॉट अलाउड'. किराणा/इंटर्नल/डीबी हे किराणाच्या आत कुठेही चालेल, दुसऱ्या मॉड्यूलमधून नाही. किराणा/हिशोब/इंटर्नल/कर हे मात्र फक्त हिशोबखाली. हा नियम १.४ मध्ये गोच्या स्वतःच्या रेपोपुरता आला आणि १.५ पासून सगळ्यांना लागू झाला. लायब्ररी लिहीत असाल तर जे लोकांनी वापरू नये ते सगळं यात टाका, मग उद्या त्यात काहीही मोडतोड केली तरी कुणाची तक्रार येणार नाही.

मग सीएमडी, पीकेजी वगैरे फोल्डर करायलाच पाहिजेत का?

नाही. गिटहबवर 'स्टँडर्ड प्रोजेक्ट लेआउट' असं भारदस्त नाव असलेली एक रेपो फिरते, ती गोच्या टीमची नाही, आणि गोचे तेव्हाचे टेक लीड रस कॉक्स यांनीच २०२१ मध्ये तिथे इश्यू टाकून सांगितलं होतं की हे काही स्टँडर्ड नव्हे. सीएमडी कामाचा आहे जर एकाच मॉड्यूलमधून दोन-तीन वेगळे प्रोग्राम निघत असतील तर: सीएमडी/सर्व्हर, सीएमडी/रिपोर्ट, प्रत्येकात एक मेन पॅकेज. मेन पॅकेज दुसऱ्या कुणाला इम्पोर्ट करता येत नाही हे लक्षात असू द्या, म्हणून खरं काम बाहेरच्या पॅकेजात आणि मेनमध्ये फक्त जोडणी. पीकेजी फोल्डरने इम्पोर्टच्या ओळीत एक शब्द वाढतो, दुसरं काही होत नाही.

माझ्याकडे दोन वेगळ्या रेपो आहेत, लायब्ररीत बदल करून लगेच ॲपमध्ये बघायचाय. दर वेळी टॅग काढून पुश करायचं?

नको, दोन रस्ते आहेत.

जुना रस्ता रिप्लेसचा. लायब्ररीचं नाव 'समान' धरू, मग ॲपच्या गो.मॉडमध्ये लिहायचं:

रिप्लेस एक्झाम्पल.कॉम/समान => ../समान

म्हणजे हे नाव दिसलं की नेटवर जाऊ नकोस, शेजारचा फोल्डर घे. उजवीकडचा रस्ता ./ किंवा ../ ने सुरू व्हायला हवा (किंवा मुळापासूनचा पूर्ण पाथ), आणि त्या फोल्डरमध्ये त्याची स्वतःची गो.मॉड हवी. नुसतं रिप्लेस लिहून भागत नाही, रिक्वायरची ओळ (हे मॉड्यूल लागतं असं सांगणारी) पण लागते. 'गो मॉड टायडी' ती आपोआप लिहून देतं, आणि लायब्ररीला टॅग नसेल तर शून्यांनी भरलेला एक विचित्र व्हर्जन नंबर दिसतो, घाबरू नका, तो असाच असतो. इम्पोर्टच्या ओळी बदलायच्या नाहीत, ते तर रिप्लेसचं सगळं सुख आहे.

आता दुखणं. ती ओळ चुकून कमिट होते आणि बाकीच्यांच्या मशीनवर ../समान नसतो म्हणून सगळ्यांचं बिल्ड बोंबलतं. शिवाय रिप्लेस फक्त मुख्य मॉड्यूलमध्ये मानलं जातं, तुमची लायब्ररी दुसऱ्याने वापरली तर तिच्या गो.मॉडमधले रिप्लेस गो बघतसुद्धा नाही, आणि गो.मॉडमध्ये रिप्लेस असलेला प्रोग्राम 'गो इन्स्टॉल' ला व्हर्जन देऊन इन्स्टॉल करायला गेलात तर तो सरळ नकार देतो.

म्हणून मार्च २०२२ मध्ये १.१८ सोबत वर्कस्पेस आले. दोन्ही रेपो ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथे जाऊन 'गो वर्क इनिट ./ॲप ./समान' मारा, गो.वर्क नावाची फाइल तयार होते, आणि त्या फोल्डरच्या आत काम करताना दोन्ही मॉड्यूल तुमच्या डिस्कवरचेच घेतले जातात. गो.मॉडला हात लागत नाही आणि ही फाइल रेपोच्या बाहेर असल्यामुळे कमिट व्हायचा प्रश्न नाही. माझ्या मते रोजच्या कामाला हेच वापरा, रिप्लेस फक्त एखाद्या लायब्ररीची स्वतः दुरुस्त केलेली फोर्क लावायची असेल तेव्हा.

एकाच रेपोत खूप मॉड्यूल असतील आणि सगळे कायम एकत्रच बिल्ड होत असतील तर गो.वर्क कमिट करण्यातही गैर काही नाही, कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस हेच करतं, २०२४ च्या त्यांच्या स्वतःच्या १.३० व्हर्जनपासून त्यांनी स्टेजिंग फोल्डरमधल्या मॉड्यूलसाठी वर्कस्पेस घेतलं.

वर्कस्पेस लावलं तरी 'गो मॉड टायडी' नेटवरच शोधतंय!

हो, टायडी वर्कस्पेस मानत नाही, ते एका मॉड्यूलपुरतं बघतं. लायब्ररी कुठेच पुश केलेली नसेल तर ते अडणार. एकतर लायब्ररी पुश करा, नाहीतर तात्पुरता रिप्लेस. अनेकांना ही वर्कस्पेसमधली सगळ्यात त्रासदायक गोष्ट वाटते आणि मलाही वाटते.

आणखी एक चकवा: गो.वर्क सापडेपर्यंत गो एकेक वरचा फोल्डर शोधत जातो. कधीकाळी होम फोल्डरमध्ये प्रयोग म्हणून बनवून विसरलेली गो.वर्क आज भलत्याच प्रोजेक्टला 'हे मॉड्यूल वर्कस्पेसमध्ये नाही' म्हणून अडवते. 'गो एन्व्ह गोवर्क' मारलं की कुठली फाइल पकडली ते दिसतं. तेवढ्यापुरती बंद करायची तर गोवर्क=ऑफ. सीआयवर (पुश केलं की आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या सर्व्हरवर) हे ऑफ ठेवून एकदा बिल्ड करून बघायची सवय चांगली, खऱ्या गो.मॉडवर प्रोजेक्ट उभा राहतो का ते कळतं.

माझ्या मशीनवर चालतं, डॉकरमध्ये 'नो सच फाइल' येतं.

रिप्लेसमध्ये ../समान आहे आणि डॉकरचं बिल्ड ॲपच्या फोल्डरमधून चालवताय, तर समान हा बिल्ड कॉन्टेक्स्टच्या बाहेर राहिला, डॉकरला तो दिसूच शकत नाही. एक फोल्डर वरून बिल्ड चालवा आणि डॉकरफाइलचा पाथ वेगळा द्या. ते केल्यावरही लोक अडकतात, कारण कॅशसाठी आधी फक्त गो.मॉड आणि गो.सम कॉपी करून 'गो मॉड डाउनलोड' चालवायची पद्धत असते, त्या क्षणी समानची गो.मॉड आत आलेलीच नसते. तीही त्याच वेळी, त्याच रचनेत कॉपी करा.

मॉड्यूलचं नाव बदलायचंय. काय काय बघू?

'गो मॉड एडिट -मॉड्यूल नवंनाव' ने फक्त गो.मॉडची ओळ बदलते. सगळ्या फाइलींमधल्या इम्पोर्टच्या ओळी तुम्हालाच बदलायच्या आहेत, एडिटरमध्ये पूर्ण प्रोजेक्टवर फाइंड-रिप्लेस करा किंवा सेड वापरा. बिल्ड झालं की काम संपलं असं वाटतं, पण कंपायलरला न दिसणाऱ्या जागा राहतात: प्रोटोबफच्या फाइलींमधला गो_पॅकेज, लिंटर आणि गोइम्पोर्ट्सच्या सेटिंगमधलं लोकल नाव, मॉक बनवायच्या कमांडी, मेकफाइल.

यातली सगळ्यात लबाड जागा म्हणजे एलडीफ्लॅग्ज (बिल्ड करताना लिंकरला द्यायचे पर्याय). बिल्डच्या वेळी व्हर्जन नंबर आत घुसवायला बरेच जण -एक्स एक्झाम्पल.कॉम/किराणा/व्हर्जन.नंबर=... असं देतात. इथे पाथ चुकीचा राहिला तर एरर येत नाही, वॉर्निंगही येत नाही, बिल्ड व्यवस्थित होतं आणि प्रोडक्शनवर व्हर्जन रिकामं छापून येतं. व्हेरिएबल मेन पॅकेजात असेल तर मात्र तिथे मॉड्यूलचं नाव नसतंच, नुसतं 'मेन.नंबर'.

ऑफिसच्या प्रायव्हेट रेपोतलं पॅकेज ४०४ किंवा ४१० देतं.

१.१३ पासून गो आधी गूगलच्या पब्लिक प्रॉक्सीला विचारतो, तिला तुमची रेपो कशी दिसणार? 'गो एन्व्ह -डब्ल्यू गोप्रायव्हेट=' पुढे तुमच्या रेपोचा उपसर्ग द्या, म्हणजे प्रॉक्सी आणि चेकसम डेटाबेस दोन्ही टळतात. त्यानंतर गिटचं लॉगिन बसलेलं हवं, तेवढंच.

टर्मिनलवर बिल्ड होतं पण एडिटरमध्ये सगळं लाल.

बहुतेक वेळा चुकीचा फोल्डर उघडलेला असतो. गो.मॉड जिथे आहे तो फोल्डर उघडा, किंवा अनेक मॉड्यूल असतील तर वर गो.वर्क ठेवा. नव्या गोपल्सला (एडिटर वापरतो तो गोचा लँग्वेज सर्व्हर) हे बऱ्यापैकी आपोआप कळतं, त्यामुळे आधी ते अपडेट करा. तरी लाल असेल तर लँग्वेज सर्व्हर रीस्टार्ट.

गोला नक्की काय दिसतंय हे बघायचं कसं?

अंदाज बांधण्यापेक्षा विचारा. 'गो एन्व्ह गोमॉड' म्हणजे कुठली गो.मॉड पकडली आहे. 'गो लिस्ट ./...' म्हणजे तुमच्या मॉड्यूलमधली सगळी पॅकेजं पूर्ण नावानिशी, तिथलं नाव जसंच्या तसं कॉपी करून इम्पोर्टमध्ये टाका. यादीत तुमचं पॅकेज नसेल तर त्या फोल्डरमध्ये गो फाइल नाही, किंवा आत वेगळी गो.मॉड आहे, किंवा फोल्डरचं नाव अंडरस्कोर नाहीतर टिंबाने सुरू होतंय, तसे फोल्डर आणि टेस्टडेटा या यादीतून वगळले जातात.

व्हेंडर फोल्डर असेल तर लोकल पॅकेज पण त्यात जातं का?

तुमच्या मॉड्यूलमधलं नाही, फक्त बाहेरचं. पण रिप्लेसने जोडलेलं मॉड्यूल बाहेरचंच धरलं जातं, त्याची प्रत व्हेंडरमध्ये जाते, म्हणून ../समान मध्ये केलेला बदल दिसत नसेल तर 'गो मॉड व्हेंडर' परत चालवा. गो.मॉडमध्ये १.१४ किंवा पुढचं व्हर्जन असेल तर व्हेंडर फोल्डर नुसता असला तरी वापरला जातो, सांगावं लागत नाही.

मॅकवर चालतं, लिनक्सच्या सीआयवर पॅकेज सापडत नाही.

कॅपिटल-स्मॉल बघा. मॅक आणि विंडोजची फाइल सिस्टम सहसा त्यात फरक करत नाही, लिनक्सची करते. फोल्डरची नावं कायम स्मॉलमध्ये ठेवा. नुसतं अक्षर बदलताना गिटला पत्ता लागत नाही, म्हणून आधी भलत्याच नावाने गिट एमव्ही करा आणि मग हव्या त्या नावाने. लॉगरस या लॉगिंग लायब्ररीच्या पत्त्यात एक कॅपिटल अक्षर स्मॉल झालं तेव्हा 'केस-इनसेन्सिटिव्ह इम्पोर्ट कोलिजन' ने जगभरच्या प्रोजेक्टांना पिडलं होतं.

वरच्या उदाहरणात फोल्डरचं नाव हिशोब आहे, ते खरंच देवनागरीत ठेवता येईल का?

नाही. मॉड्यूल मोडमध्ये इम्पोर्ट पाथला फक्त साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं चालतात. व्हेरिएबलच्या नावांचीही गंमत आहे, गो म्हणतो युनिकोडचं कुठलंही अक्षर चालेल, पण काना-मात्रा-वेलांटी युनिकोडच्या हिशोबात अक्षर नाहीत, जोडचिन्हं आहेत, त्यामुळे 'घर' नाव चालतं आणि 'दुकान' नाही. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत देवनागरीचं नाव घेऊन हे मान्य केलंय. आणि 'घर' ठेवलं तरी आपल्याकडे कॅपिटल अक्षर नसल्याने ते पॅकेजच्या बाहेर कधीच एक्सपोर्ट होणार नाही! कॉमेंट आणि स्ट्रिंग मात्र बिनधास्त मराठीत लिहा.

गोपाथमधला जुना प्रोजेक्ट गळ्यात पडलाय, सगळे इम्पोर्ट बदलावे लागतील का?

बहुतेक नाही. त्या काळी गोपाथच्या एसआरसी फोल्डरपासूनचा रस्ता हाच इम्पोर्ट पाथ असायचा. कोड एसआरसी/गिटहब.कॉम/कंपनी/किराणा मध्ये होता तर मॉड्यूलचं नाव तेच द्या, 'गो मॉड इनिट' आणि मग 'गो मॉड टायडी', लोकल इम्पोर्टची एकही ओळ न बदलता चालायला हवं. प्रोजेक्ट गोपाथच्या आत ठेवा की बाहेर, आता फरक पडत नाही. कुणी तिथे ./ ने सुरू होणारे इम्पोर्ट वापरले असतील तर तेवढे हाताने पूर्ण नावाचे करा, आणि मशीनवर गो१११मॉड्यूल=ऑफ (मॉड्यूल मोड बंद करणारं सेटिंग) असं कुणी सेट करून ठेवलं नाही ना ते आधी बघा. १.१६ पासून ते आपोआप ऑन असतं, पण जुन्या बॅशआरसीमध्ये ती ओळ अजून लपलेली सापडते.